सहजीवजनन

भिन्न प्रकारचे जीव कायमचे एकत्र येऊन त्यांतून नवा जीव घडण्याची प्रक्रिया. ‘सिंबायोजेनेसिस’ ही संज्ञा रशियन जीववैज्ञानिक कॉन्स्तांतिन मेरेझ्कोव्स्की (१८५५–१९२१) यांनी साधारणपणे १९०९-१० मध्ये वापरात आणली.

ही कल्पना मुळात कोणाची, याविषयी मतभेद आहेत. शैवाक (मसाल्यातले दगडफूल याच गटातले) म्हणजे कवक (बुरशी) व शैवल (शेवाळ) यांची जोडी होय, हे स्विस वनस्पतिवैज्ञानिक श्वेंडेनर यांनी १८६७ च्या सुमारास मांडले. त्याच वर्षी रशियन वनस्पतिवैज्ञानिक फामिन्त्सिन व बारानेत्स्की यांनी शैवाकातील हिरव्या पेशी अलग करून वाढविल्या. वनस्पतींतील हरितलवकेही (पेशीतील प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे घटक; पुढे नुसते ‘लवक’) मूळची स्वतंत्र असावीत, असे जर्मन वनस्पतिवैज्ञानिक शिंपर यांनी १८८३ मध्ये सुचविले. पण तेवढ्या एका तळटीपेत. पुराव्यांची सलग जुळणी मेरेझ्कोव्स्कींच्या १९०५ च्या जर्मन निबंधातच आढळते: लवके नव्याने तयार होत नाहीत, आधीच्या लवकांच्या विभाजनाने वाढतात; त्यांची ठेवण नील-हरित शैवलांसारखी (आज यांना नील-हरित जीवाणू म्हणतात) असते; आणि प्राण्यांच्या पेशींत राहणारी शैवले ठाऊक होतीच.

या सिद्धांतावर मोठा आक्षेप असा होता, की शैवाकातील शैवल वेगळे वाढते, मग लवक का वाढत नाही? उत्तर नंतर मिळाले. भूवनस्पतींच्या लवकात बहुधा १,२०,०००–१,६०,००० आधारक जोड्यांचा (डीएनएची लांबी मोजण्याचे एकक) डीएनए उरलेला असतो आणि तो सुमारे ८० प्रथिनांपुरताच पुरतो. बाकीची प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून पेशीद्रव्यात तयार होऊन लवकात जातात. त्यामुळे अलग केलेले लवक काही काळ प्रकाशसंश्लेषण करते, पण वाढत नाही. उलट, युग्लीना या एकपेशी हिरव्या जीवाची लवके स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने नष्ट केली, तर ती पेशी पुन्हा हिरवी होत नाही. लवकांतील डीएनएचा पुरावा १९६२ मध्ये, तर नील-हरित जीवाणूंशी आरएनएचे साम्य १९७५ मध्ये पुढे आले. दरम्यान, १९६७ मध्ये अमेरिकन जीववैज्ञानिक लिन मार्ग्युलिस यांनी सिद्धांताला नवे रूप दिले होते.

मेरेझ्कोव्स्कींचे सगळेच टिकले नाही. निरनिराळ्या रंगांची लवके वेगवेगळ्या वेळी आली, असे ते मानत. आज बहुतेक सर्व लवकांचा उगम एकाच घटनेत मानणे अधिक सयुक्तिक वाटते (पॉलिनेला हा एकपेशी जीव अपवाद). तपकिरी शैवलांची लवके मात्र लाल शैवल गिळले गेल्याने आलेली दिसतात. केंद्रकही सूक्ष्मजीवांपासून झाले, हे त्यांचे मत मागे पडले. तंतुकणिकांचा (पेशीला ऊर्जा पुरविणारे घटक, मायटोकाँड्रिया) जीवाणूजन्य उगम, जो आज सर्वमान्य आहे, त्यांच्या सिद्धांतात नव्हता.

मेरेझ्कोव्स्की रशियातील कझान विद्यापीठात होते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपांनंतर १९१४ मध्ये त्यांनी रशिया सोडला. १९२१ मध्ये जिनीव्हा येथे त्यांनी आत्महत्या केली.