पॉल हारहाउस: दुहेरीतल्या डच वर्चस्वाची पार्श्वभूमी

१९९९ मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी विम्बल्डनचे दुहेरीचे विजेतेपद मिळवले, तेव्हा अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर अमेरिकेचा जॅरेड पामर आणि नेदरलँड्सचा पॉल हारहाउस उभे होते. आपल्याकडे त्या विजयाची आठवण वारंवार निघते. हरलेल्यांपैकी हारहाउस आदल्याच वर्षीचा विजेता होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

१९६६ मध्ये आइंडहोव्हन येथे जन्मलेला हारहाउस अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करून १९८९ मध्ये, म्हणजे टेनिसच्या मानाने उशिराच, व्यावसायिक झाला. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये पात्रता फेरीतून वर येऊन त्याने जॉन मॅकेन्रोला हरवले आणि दोन वर्षांनी तिथेच अग्रमानांकित बोरिस बेकरला तीन सरळ सेटमध्ये बाहेर काढले. तरीही १९९१ ची ती स्पर्धा लोकांच्या लक्षात राहिली ती जिमी कॉनर्सविरुद्धच्या एका गुणामुळे. हारहाउस जाळ्याजवळून एकामागून एक स्मॅश मारत होता, एकोणचाळीस वर्षांचा कॉनर्स कोर्टाच्या अगदी मागून प्रत्येक चेंडू उंच परतवत होता, आणि शेवटी गुण कॉनर्सने घेतला. आजही ते चित्रण दाखवले जाते, आणि त्यात हारहाउस केवळ हरणारा म्हणून दिसतो. एकेरीत १८ व्या क्रमांकापर्यंत गेलेल्या खेळाडूवर हा अन्याय आहे, असे मला वाटते.

त्याची खरी कारकीर्द घडली ती याको एल्टिंगच्या साथीने. १९९३ मध्ये या जोडीने वर्षअखेरची जागतिक दुहेरी स्पर्धा जिंकली, १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियन व अमेरिकन, तर १९९५ मध्ये फ्रेंच विजेतेपद मिळवले. ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी उरले होते फक्त विम्बल्डन, आणि तिथे टॉड वुडब्रिज व मार्क वुडफोर्ड या ऑस्ट्रेलियन जोडीने १९९३ पासून सलग पाच वर्षे कोणालाही जवळ येऊ दिले नव्हते. १९९८ मध्ये पॅरिसला फ्रेंच ओपन दुसऱ्यांदा जिंकून आलेली डच जोडी अंतिम फेरीत याच दोघांसमोर उभी राहिली आणि पहिला सेट २-६ असा गमावून बसली. पुढचे दोन सेट त्यांनी घेतले, चौथा ५-७ असा निसटला. पाचव्या सेटमध्ये तेव्हा टायब्रेक, म्हणजे ६-६ अशा बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणारा निर्णायक गेम, नसल्यामुळे दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहणे भाग होते, आणि अखेर तो सेट १०-८ असा त्यांच्या बाजूने लागला. चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा एकाच जोडीदारासह जिंकण्याचे त्यांचे वर्तुळ इथे पूर्ण झाले.

त्या हंगामानंतर एल्टिंग निवृत्त झाला. हारहाउस जोडीदार बदलत खेळत राहिला. २००० मध्ये वुडब्रिज-वुडफोर्ड यांना फ्रेंच ओपन तेवढी जिंकायची राहिली होती, आणि ती त्यांनी अंतिम सामन्यात हारहाउस व सँडन स्टोल यांना हरवूनच मिळवली. २००२ मध्ये मात्र छत्तीस वर्षांच्या हारहाउसने येव्हगेनी काफेल्निकोव्हसह तीच स्पर्धा जिंकून आपले सहावे ग्रँड स्लॅम विजेतेपद नोंदवले. दुहेरीत एकूण ५४ विजेतीपदे त्याच्या नावावर आहेत.

पुढे तो डेव्हिस चषक या देशांच्या संघांमधील स्पर्धेसाठीच्या नेदरलँड्सच्या संघाचा कर्णधार झाला. २०२४ मध्ये मालागा येथे स्पेनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी १-१ अशी बरोबरीत आली, तेव्हा निर्णय दुहेरीवर येऊन ठेपला. वेस्ली कूलहोफ आणि बोटिक व्हान द झांडस्खुल्प यांनी कार्लोस अल्कराझ व मार्सेल ग्रॅनोयर्स यांना दोन टायब्रेकमध्ये हरवले, आणि तिथून पुढे जाऊन नेदरलँड्सने प्रथमच या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली.