‘केल्टिक’ आवाज घडला कसा

1982 साली यॉर्कशर टेलिव्हिजनने उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारावर एक मालिका केली आणि तिचं शीर्षकगीत क्लॅनाड या आयर्लंडच्या डोनेगॉल भागातल्या घरगुती बँडकडे सोपवलं. गाणं आयरिश भाषेतलं, जेमतेम अडीच मिनिटांचं, ढोल नाही, ठेका नाही. तरीही ते ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. आज ‘केल्टिक’ म्हटलं की चाहत्याच्या कानात जो आवाज उभा राहतो, म्हणजे एकावर एक रचलेले गळे, लांबवर विरत जाणारा घुमारा आणि अर्थ कळला नाही तरी धरून ठेवणारे शब्द, तो बऱ्याच अंशी या एका ध्वनिमुद्रणाची देणगी आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या ड्रुइड पुरोहितांशी त्याचं नातं सांगणारे मजकूर सीडीच्या वेष्टनावर खूप छापले गेले. प्रत्यक्षात हा आवाज स्टुडिओत घडला. मात्र तो ज्या गायकीवर उभा आहे ती खरोखर जुनी आहे, आणि ऐकायला बरीच वेगळीही.

आधी नावाचं बघू. एडवर्ड लूइड या वेल्श विद्वानाने 1707 साली आयरिश, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन या भाषांचं नातं छापील स्वरूपात मांडलं. स्कॉटिश गेलिक आणि मांक्स धरून आज या कुळात सहा भाषा मोजतात. भाषांचं कूळ एक, म्हणून संगीताचंही एक, असं मात्र नाही. वेल्समध्ये हार्प या तंतुवाद्याचा वादक एक चाल वाजवतो आणि गायक तिच्यावर दुसरीच चाल बेतून कविता गातो. ब्रिटनीत, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाला, नाचासाठी दोघंजण आळीपाळीने गातात. पहिल्याची ओळ संपत आली की दुसरा शेवटच्या अक्षरांवर त्याच्यात मिसळतो आणि तीच ओळ पुन्हा उचलतो. त्यामुळे गाणं श्वासासाठीही थांबत नाही आणि नाचणाऱ्यांचे पाय अडत नाहीत. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा गायक एकटा, बिनसाथीचा. या सगळ्यांना एका मंचावर आणलं ते विसाव्या शतकाने. ब्रिटनीतल्या लोरियाँचा आंतरकेल्टिक महोत्सव 1971 चा. वडिलांनी घडवलेली हार्प घेऊन ब्रेटन वादक आलां स्तिवेलने पॅरिसचं ऑलिंपिया सभागृह गाजवलं ते 1972 साली.

हार्पचीही गोष्ट अशीच. जुलै 1792 मध्ये बेलफास्टला उरलेसुरले हार्पवादक जमवले गेले. दहा आयरिश आणि एक वेल्श, बहुतेक वृद्ध, त्यातले कित्येक आंधळे. सर्वांत म्हातारे डेनिस हेम्पसन नव्वदी ओलांडलेले होते आणि धातूच्या तारा वाढवलेल्या नखांनी छेडणारे तिथे ते एकटेच. चाली टिपायला एडवर्ड बंटिंग हा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक बसला. पितळी तार फार वेळ घुमते. पुढचा स्वर छेडतानाच मागची तार बोटाने दाबून बंद करावी लागते, नाहीतर चार मात्रांत सगळ्याचा काला होतो. कुठली तार कधी दाबायची हीच त्या वादकांची खरी विद्या. बंटिंगच्या पुस्तकांत मात्र चाली पियानोसाठी बेतून आल्या, आणि गाण्यांचे शब्द गोळा करायला वेगळा माणूस पाठवावा लागला, कारण बंटिंगला स्वतःला आयरिश येत नव्हतं. आज मैफलीत दिसणारी आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांची, अर्धस्वरासाठी वर खटके असलेली हार्प ही त्यानंतरची, एकोणिसाव्या शतकातली घडण आहे.

गाण्याची पाळेमुळे शोधायची तर कॉनेमारा, डोनेगॉल, मन्स्टर या पश्चिमेकडच्या आयरिशभाषक पट्ट्यांत जावं लागतं. 1831 नंतरच्या सरकारी शाळा इंग्रजीतून चालल्या. 1845 च्या बटाट्याच्या रोगाने पडलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि फटका सर्वाधिक बसला तो याच गरीब किनाऱ्याला. उरलेल्या घरांत जी गायकी टिकली तिला शान-नोस, म्हणजे जुनी रीत, म्हणतात.

तिची काही लक्षणं पक्की. साथ नाही, ठोस ताल नाही. ओळ शब्दाच्या वजनाने लांबते-आखडते. आवाज सपाट लावायचा, कंप द्यायचा नाही. भावना दाखवायला आवाज चढवायचा-उतरवायचाही नाही. सगळी करामत अलंकारात: एका अक्षरावर तीन-चार स्वरांची गिरकी, आणि तीही प्रत्येक कडव्यात वेगळ्या ठिकाणी. कॉनेमाराच्या गायकीत या गिरक्या दाट असतात. डोनेगॉलची गायकी सरळ, स्कॉटलंडच्या गेलिक गाण्याला जवळची. शेवटची ओळ पुष्कळदा गात नाहीत, बोलून टाकतात. गाणं रंगलं की शेजारचा माणूस गायकाचा हात धरून तो संथपणे गोल फिरवत राहतो आणि श्रोते मध्येच दाद देतात. आपल्या मैफलीची सवय असलेल्याला यातलं काहीच परकं वाटू नये.

याच गायकीला गिटारची साथ दिली की का बिघडतं, तेही यातूनच कळतं. तिसरा आणि सातवा स्वर इथे पक्के नसतात, चढ्या-उतऱ्या रूपांच्या मध्ये कुठेतरी लागतात. गिटारचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरसमूह, त्यातलं एक रूप ठरवून टाकतो आणि गळा बेसूर वाटू लागतो. शिवाय कॉर्ड ठरल्या मात्रेवर बदलावा लागतो, म्हणून गायक ओळ लांबवायची सोडतो. कॉनेमारातल्या कार्ना गावचे जो हीनी (1919–1984) शेवटपर्यंत बिनसाथीचंच गायले. उतारवयात ते सिअॅटलच्या विद्यापीठात शिकवत आणि 1982 मध्ये अमेरिकेने त्यांना राष्ट्रीय वारसा फेलोशिप दिली.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते संग्राहकांमुळे. आयरिश लोकविद्या आयोग 1935 चा. त्याचे लोक मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रण करत, मजकूर कागदावर उतरवला की मेणाचा थर तासून तेच नळकांडं पुन्हा वापरत, कारण पैसे नसत. म्हणजे लिहिलेलं उरलं, कित्येक आवाज गेले. शेमस एनिस हा पाइपवादक 1942 पासून आयोगासाठी हिंडला आणि चाली ऐकून थेट कागदावर उतरवत गेला. कॉनेमारातल्या एकाच गायकाकडून त्याने दोनशेहून जास्त गाणी मिळवली.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर आणखी एक खजिना होता: लोकरी कापड कुटण्याची गाणी. मागावरून उतरलेलं कापड विरळ आणि तेलकट असतं. ते दाट करायला शिळ्या मुताच्या द्रावणात भिजवत (त्यातला अमोनिया तेल काढतो आणि रंग धरायला मदत करतो) आणि मग आठ-दहा बायका लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसून ते ओलं कापड आपटत, घड्याळाच्या दिशेने पुढे सरकवत. पुरुषांना तिथे मज्जाव. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ध्रुवपद उचलायचं. ध्रुवपदातली ‘ही री, हो रो’सारखी अक्षरं निरर्थक दिसतात, पण ती त्या त्या गाण्याची ठरलेली असतात, एकाची दुसऱ्याला लावून चालत नाही. काही गाण्यांनंतर एखादी बाई मधल्या बोटाने कापडाची रुंदी मोजे. हवं तितकं आटलं नसेल तर पुढचं गाणं सुरू. सुरुवात संथ, मग लय वाढत जाणार. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिरण्यांमुळे हे काम संपलं, पण त्याआधी जॉन लॉर्न कॅम्बेल आणि मार्गरेट फे शॉ या दांपत्याने साउथ युइस्ट आणि आसपासच्या बेटांवरची गाणी टिपली होती, आणि 1951 मध्ये एडिंबरात स्थापन झालेल्या स्कॉटिश अभ्यास संस्थेने टेपरेकॉर्डर घेऊन उरलेलं गाठलं.

लुईस बेटावरच्या चर्चमधली गेलिक स्तोत्रंही एकदा ऐकावीत. म्होरक्या ओळ देतो आणि सगळी मंडळी ती ज्याच्या त्याच्या गतीने, ज्याच्या त्याच्या गिरक्यांनी गातात. आवाजांची ती गर्दी कोणत्याही स्टुडिओत बनवलेल्या थरांहून भारी आहे, हे आमचं मत.

वाद्यांच्या बाजूला बदल वेगाने झाले. आयरिश संगीतकार शॉन ओ रिआडाने 1960 च्या सुमारास लोकवादकांचा वाद्यवृंद उभा केला. त्यातूनच पॅडी मलोनी याने 1962 मध्ये ‘द चीफटन्स’ काढला. बूझुकी हे लांब मानेचं ग्रीक तंतुवाद्य. ती साठच्या दशकात आयर्लंडला आली आणि खालून वर म-सा-प-सा अशा मोकळ्या मेळात लावली जाऊ लागली. अशा मेळात तिसरा स्वर वगळता येतो, म्हणजे गिटारची वर सांगितलेली अडचण बरीचशी टळते. या ध्वनिमुद्रणांत ऐकू येणारे पाइप्सही (बॅगपाइप) प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसणारे नव्हेत. ते तोंडाने फुंकायचे हायलँड पाइप्स. आयर्लंडचे इलन पाइप्स बसून वाजवतात, कोपराखालच्या भात्याने हवा भरतात आणि त्यांना दोन सप्तकं मिळतात. त्यांची वेताची पत्ती हवेच्या लहरीवर असते. हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत ती वाकडी होते आणि स्वर फाटतो.

आता पुन्हा डोनेगॉल. ग्वीडोरजवळ ब्रेनन कुटुंबाचा पब होता. वडील लिओ बँडवाले, आई संगीतशिक्षिका आणि चर्चमधल्या गायनवृंदाची प्रमुख. मुलगी मॉया, तिचे दोन भाऊ आणि दोन जुळे मामा यांचा क्लॅनाड 1970 चा. सुरुवातीला ते परिसरातली आयरिश गाणी हार्प, बासरी, गिटार आणि डबल बासवर करत. या घरात दोन गोष्टी एकत्र आल्या: डोनेगॉलचा बिनकंपाचा सरळ गळा आणि चर्चमधलं अनेक पट्ट्यांतलं गायन. तिसरी गोष्ट बाहेरून आली. त्यांचा व्यवस्थापक आणि ध्वनितंत्रज्ञ निकी रायन अमेरिकन पॉपमधल्या दाट थरांच्या ध्वनिमुद्रणांवर लुब्ध होता.

थर रचायला सरळ गळाच लागतो. कंप असलेला आवाज आठ वेळा एकावर एक घातला तर आठही कंप वेगवेगळ्या वेळी हलतात आणि स्वर गढूळ होतो. स, ट, क ही व्यंजनं नेमक्या एका क्षणी पडली नाहीत तर खडखडाट होतो; म्हणून खालच्या थरांत ती मऊ करतात किंवा गाळतातच, आणि शब्द पुसट होतात. चाहत्यांना जो ‘गूढ अस्पष्टपणा’ भावतो, त्याचं एक कारण इतकं साधं आहे. एकच तुकडा यंत्राने चिकटवला तर आवाज मोठा होतो पण दाट होत नाही. त्यासाठी प्रत्येक थर नव्याने गावा लागतो. मॉयाची धाकटी बहीण एन्या 1982 मध्ये बँडमधून बाहेर पडली आणि निकी व त्याची पत्नी रोमा रायन यांच्यासोबत तिने हीच पद्धत टोकाला नेली. 1988 चं ‘ओरिनोको फ्लो’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं; त्यातले तुटक तंतुस्वर रोलंड डी-50 या सिंथेसायझरमधल्या तयार आवाजाचे आहेत.

पुढे 1992 मध्ये कॅपरकेली या स्कॉटिश बँडने कॅरन मॅथिसनच्या गळ्यातून कापड कुटण्याचं एक सुमारे चारशे वर्षांचं गाणं पॉपच्या मांडणीत आणलं आणि स्कॉटिश गेलिक गाणं प्रथमच ब्रिटनच्या पहिल्या चाळिसांत गेलं. 1994 मध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरातल्या ‘रिव्हरडान्स’ या आयरिश नृत्याने दुकानांत ‘केल्टिक’ असा वेगळा कप्पाच उघडला. त्या कप्प्यात नंतर कंप देत, नाट्यमय चढउतार करत गाणारे पुष्कळ आवाज आले. ते गोड आहेत, पण त्यांची घडण रंगभूमीवरची आहे. जुनी रीत त्यांच्यात शोधायला जाऊ नये.

मूळ ध्वनिमुद्रणं ऐकायची तर स्कॉटलंडचं ‘टोबर अन दुआलखाश’ हे संकेतस्थळ विनामूल्य खुलं आहे. तिथे गाण्याला ठरलेलं शीर्षक असेलच असं नाही, पुष्कळदा पहिली ओळ किंवा ध्रुवपद हेच नाव. एकाच गाण्याची तीन नावंही सापडतात. युइस्टच्या गायिका गावात आडनावाने नव्हे, तर नवरा किंवा बाप-आज्याच्या नावाने ओळखल्या जात, म्हणून दोन्ही नावांनी शोधावं. अॅल्बमवरचं एखादं गाणं आवडलं असेल तर माहितीपत्रकात ते कोणत्या बेटावरच्या कोणाकडून घेतलंय ते बहुधा दिलेलं असतं. त्या नावाने शोधलं की स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डरसमोर बसून गायलेला मूळ आवाज पुष्कळदा तिथेच मिळतो.