क्योतोची तेरामाची: हुकमाने वसलेली मंदिरांची रांग

क्योतोच्या तेरामाची रस्त्यावरून दक्षिणेकडे चालताना बहुतेक मंदिरं डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला लागतात. ही रांग सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने हुकूम काढून वसवली. हा रस्ता मुळात ७९४ मध्ये आखलेल्या राजधानीची पूर्वेकडची हद्द. १५९०-९१ च्या सुमारास हिदेयोशीने शहरभर विखुरलेली बौद्ध मंदिरं उचलून या हद्दीवर ओळीने बसवली. मठांची ताकद आटोक्यात राहावी आणि पूर्वेकडून हल्ला आलाच तर मजबूत आवारांची फळी आड यावी, अशी त्यामागची कारणं सांगितली जातात. १५९१ मध्येच त्याने शहराभोवती सुमारे साडेबावीस किलोमीटरचा मातीचा तट घातला. त्याचा एक तुकडा तेरामाचीवरच्याच रोझान-जी मंदिराच्या मागे अजून उभा आहे.

होन्नो-जी हे मंदिर याच स्थलांतरात इथे आलं. हिदेयोशीच्या आधीचा सत्ताधीश ओदा नोबुनागा याचा १५८२ मध्ये होन्नो-जीत शेवट झाला तो इथेच, असं समजून अनेकजण फोटो काढून परततात. त्याची समाधी इथे आहे हे खरं, पण तेव्हा जळालेल्या मूळ मंदिराची जागा नैर्ऋत्येला सुमारे दीड किलोमीटरवर, आबुरानोकोजी रस्त्याजवळ आहे. तिथे आता फक्त खुणेचा दगड आहे. इथलं मुख्य सभागृहही १९२८ चं, कारण १७८८ आणि १८६४ च्या आगींनी हा भाग पुन्हापुन्हा जाळला.

१८६९ मध्ये सम्राटाचा दरबार तोक्योला गेला आणि क्योतोचा कणाच मोडला. १८७१ मध्ये सरकारने मंदिरांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. पुढच्याच वर्षी माकिमुरा मासानाओ या अधिकाऱ्याने मंदिरांच्या आवारांतून तेरामाचीला समांतर असा शिनक्योगोकू रस्ता काढला, दुकानं आणि नाटकगृहं आली. प्राचीन कवयित्री इझुमी शिकिबूची म्हणून दाखवली जाणारी समाधी आज या बाजारात आहे ती त्यामुळेच.

जमिनीचे तुकडे पाडताना काय झालं ते निशिकी तेन्मांगू या शिंतो देवस्थानासमोर मान वर केली की दिसतं. दगडी तोरीचे, म्हणजे देवस्थानाच्या कमानीचे, दोन खांब रस्त्यात नीट मावतात, पण खांबांबाहेर जाणाऱ्या आडव्या तुळईची दोन्ही टोकं शेजारच्या इमारतींच्या वरच्या मजल्यात घुसली आहेत. खालून नजर समोर ठेवून गेलात तर हे हमखास निसटतं.

फिरायला सुरुवात क्योतो शियाकुशो-माए या भुयारी स्थानकापासून करावी. होन्नो-जी तिथून दोन-तीन मिनिटांवर आहे. पुढे सान्जो ते शिजो या टप्प्यात शिनक्योगोकूने उतरावं आणि तेरामाचीने परतावं.