नव्या शहराच्या पदरात काय पडते?

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग ही आइस हॉकीची व्यावसायिक लीग १९४२ पासून पाव शतक अवघ्या सहा संघांवर चालली होती. १९६७ मध्ये लॉस एंजेलिस, ओकलंड, मिनेसोटा, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि सेंट लुइस येथील सहा संघांना एकदमच प्रवेश मिळाला. प्रत्येकाने २० लाख डॉलर शुल्क भरले आणि जुन्या संघांनी आपले खेळाडू राखून उरलेल्यांतून त्यांना निवड करू दिली. खेळ नव्या शहरात रुजतो की नाही, हे शुल्कापेक्षा या उरलेल्यांच्या यादीवर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे.

त्या वर्षी प्रत्येक जुन्या संघाला ११ खेळाडू व एक गोलरक्षक राखता आला. नवे सहाही संघ एकाच गटात असल्याने त्यांतला एक अंतिम फेरीत जाणारच होता. सेंट लुइसचा संघ सलग तीन वर्षे तेथे पोहोचला आणि तिन्ही वर्षांचे मिळून बाराही सामने हरला.

१९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाल्यावर चांगले खेळाडू विभागले गेले आणि त्याचा सर्वाधिक फटका १९७४ मध्ये आलेल्या वॉशिंग्टनला बसला. पहिल्या मोसमातील ८० सामन्यांपैकी या संघाने केवळ ८ जिंकले. परगावचे सलग ३७ सामने गमावल्यानंतर मार्च १९७५ मध्ये ओकलंडमध्ये पहिला विजय मिळाला, तेव्हा खेळाडूंनी स्टॅन्ली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा चषक, समजून कचऱ्याचा डबाच डोक्यावर धरून ड्रेसिंग रूममध्ये मिरवला. ज्यांनी वर्षभराची तिकिटे काढली होती, त्या प्रेक्षकांवर हा सरळसरळ अन्याय होता. वॉशिंग्टनने तग धरला. ओकलंडचा संघ मात्र १९७६ मध्ये क्लीव्हलंडला गेला आणि दोन वर्षांत मिनेसोटाच्या संघात विलीन झाला. अटलांटाने तर दोनदा संघ गमावला, १९८० मध्ये कॅल्गरीला आणि २०११ मध्ये विनिपेगला.

२०१७ मध्ये लास वेगासने ५० कोटी डॉलर मोजले, तेव्हा लीगने नियमही उदार केला: जुन्या संघांना सात आक्रमक, तीन बचावपटू व एक गोलरक्षक, किंवा कोणतेही आठ खेळाडू व एक गोलरक्षक एवढेच राखता येणार होते. त्यामुळे पिट्सबर्गचा नामांकित गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लेरी वेगासला मिळाला. १ ऑक्टोबरच्या गोळीबाराने शहर हादरलेले असताना, अवघ्या नऊ दिवसांनी घरच्या पहिल्या सामन्याआधी तेथेच राहणारा बचावपटू डेरिक एंगलंड प्रेक्षकांशी बोलला आणि सामन्यात त्याने गोलही केला. पहिल्याच मोसमात संघ अंतिम फेरीत गेला आणि २०२३ मध्ये विजेता ठरला.

सिएटलला २०२१ मध्ये ६५ कोटी डॉलरला तोच नियम मिळाला. तथापि जुने संघ आता सावध झाले होते आणि पहिल्या मोसमात सिएटल आपल्या गटात तळाला राहिले. त्या निवडीतून एकही खेळाडू द्यावा न लागलेला एकमेव संघ होता लास वेगासचा.