गर्भाशयातील गाठी आणि रक्तक्षय

गर्भाशयाच्या भिंतीतील स्नायूंपासून वाढणाऱ्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठींना फायब्रॉइड म्हणतात. नाशिककडे बायका एवढेच सांगतात : पिशवीत गाठ आहे. बहुतेक गाठी मुकाट पडून असतात. ज्या पाळीतला रक्तस्राव वाढवतात, त्यांच्यामुळे लोह कमी पडून रक्तक्षय होतो.

गाठ केवढी यापेक्षा ती कुठे आहे, हे जास्त महत्त्वाचे. अस्तराखालची, पोकळीत डोकावणारी गाठ सुपारीएवढी असली तरी अंगावरून खूप जाते. बाहेरच्या बाजूला वाढलेली नारळाएवढी गाठ पोट जड करते, पाळी बिघडवेलच असे नाही. तरीही सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये आधी सेंटिमीटरच वाचले जातात.

हिशेब सोपा आहे. 1 मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. एका पाळीत 80 मिलिलिटरहून अधिक रक्त गेले की तो अतिस्राव. म्हणजे 40 मिलिग्रॅम लोह गेले. आहारातून शरीर दिवसाला 1 ते 2 मिलिग्रॅमच शोषते आणि त्यातले सुमारे 1 मिलिग्रॅम रोजच्या झिजेतच जाते. आधी साठ्यातले लोह, म्हणजे फेरिटिन, उतरते. हिमोग्लोबिन मागाहून 12 च्या खाली येते. ऱ्हास इतका सावकाश होतो की शरीर जुळवून घेते, आणि 7 हिमोग्लोबिन असलेली बाई निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घड विरळ करायला, उभी असते. धाप लागली तर दोष उन्हाला. अंगावर जाणारे अंगावरच काढले जाते.

सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजारही आढळतो. तिथे गाठ सापडली म्हणून रक्तक्षयाचे कारण सापडले, असे धरू नये. सिकलसेलची तपासणी वेगळी करावी लागते.

अहळिवाचे लाडू, नागलीची भाकरी चांगलीच, पण गळती सुरू असताना त्यांनी तूट भरत नाही. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, चहाबरोबर नाही. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर लोह शिरेतून देतात. रक्तस्राव रोखायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड किंवा संप्रेरक सोडणारी तांबी वापरतात. पोकळी गाठीमुळे वेडीवाकडी झाली असेल तर तांबी टिकेलच असे नाही. पुढचा पर्याय फक्त गाठ काढण्याचाही असतो, थेट पिशवी काढण्याचाच नव्हे.

पाळी गेल्यावर गाठी सहसा आकसतात. त्यानंतर रक्त दिसले तर ते जुन्या गाठीच्या नावावर न टाकता अस्तराची तपासणी करतात.