जलतरण महासंघाची नोंदणी: अर्ज अडकतो तो जन्मदाखल्यापाशी

मुलगी जिल्ह्यात पहिली येते, टायमिंगही चांगलं असतं, पण राज्य संघाच्या यादीत तिचं नाव नसतं. अशा वेळी पालक प्रशिक्षकांवर चिडतात. बहुतेकदा चूक कागदात असते, आणि ती सहा महिने आधी सहज दुरुस्त झाली असती.

भारतीय जलतरण महासंघ 1948 साली स्थापन झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सचिन नाग यांनी 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. पोहण्याबरोबरच डायव्हिंग, वॉटर पोलो आणि आर्टिस्टिक स्विमिंगही महासंघाकडेच आहे. राष्ट्रीय स्पर्धा तोच घेतो, भारतीय संघ तोच निवडतो. जागतिक संघटना, म्हणजे 1908 साली स्थापन झालेली फिना, आताची वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स, भारतातून याच महासंघाला मानते. त्यामुळे देशासाठी पोहायचं तर दुसरी वाट नाही. ही वाट क्लब, जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि मग महासंघ अशीच जाते. पालकांनी थेट महासंघाकडे पाठवलेली प्रवेशिका चालत नाही.

खेळाडूच्या नोंदणीचा अर्ज ऑनलाइन आहे. फोटो, आधार आणि जन्माचा दाखला लागतो. फोटो आणि आधारात फारसं कुणी अडकत नाही.

दाखल्यात मात्र अडकतात. पुष्कळ घरांत रुग्णालयातून मिळालेला कागद जपून ठेवलेला असतो आणि तोच दाखला समजला जातो. तो दाखला नाही. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकानं दिलेलाच हवा. तो असला तरी नावाच्या जागी रेघ नाही ना, हे पाहा. बारशाआधी नोंद झाली आणि नाव नंतर कुणी घातलंच नाही, असे दाखले आजही निघतात. जन्म जिथे झाला तिथेच जाऊन नाव घालून घ्यावं लागतं. बाळंतपण माहेरी झालं असेल तर माहेरच्या गावी. जन्माची नोंदच नसेल तर काम लांबतं, कारण वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तिथे ‘उद्या या’ किती वेळा ऐकावं लागेल, सांगता येत नाही. पोहायला आलेल्या लेकराचं अख्खं वर्ष या फेऱ्यांत जावं, याची मला खरंच चीड येते. म्हणून मूल तलावावर जायला लागलं की त्याच महिन्यात दाखला काढून बघा. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळायला हवी.

वयोगटाचा घोळही नेहमीचा. वय स्पर्धेच्या दिवशीचं धरत नाहीत, त्या वर्षाच्या 31 डिसेंबरचं धरतात. 20 नोव्हेंबर 2011 चा मुलगा जून 2026 मध्ये चौदा वर्षांचा असेल, पण स्पर्धेसाठी तो पंधराचा. चौदाच्या गटात त्याचं नाव घातलं तर ते कापलं जाईल. आणि वय कमी दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा. वयचोरीविरुद्ध केंद्र सरकारनं 2010 साली संहिता आणली. संशय आला तर वैद्यकीय तपासणी होते आणि शिक्षा मुलाला भोगावी लागते.

स्पर्धेच्या परिपत्रकातली शेवटची तारीख पालक आपली समजतात. ती राज्य संघटनेनं प्रवेशिका पाठवण्याची असते. जिल्हा आणि क्लबची तारीख त्याच्या बरीच आधी संपलेली असते, तेव्हा क्लबमध्ये तीच विचारा.

शालेय स्पर्धा खेळलो म्हणजे नोंदणी झाली, असंही धरू नका. ती यंत्रणा वेगळी, तिचं प्रमाणपत्र वेगळं.

बदलीमुळे राज्य सोडणार असाल तर जुन्या राज्य संघटनेचं ना-हरकत पत्र सामान बांधण्याआधीच मागा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नव्या गावातून फोन करून ते मिळवताना एक अख्खा मोसम हातचा गेलेली मुलं मी पाहिली आहेत.