रेजायना पॅट्स
कॅनडातील सस्कॅचेवन प्रांताच्या राजधानीचा, रेजायना शहराचा, ज्युनिअर आइस हॉकी संघ. स्थापना १९१७. सध्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये खेळतो. या स्तरावर प्रामुख्याने १६ ते २० वर्षे वयाचे खेळाडू असतात.

संघाचे मूळ नाव रेजायना पॅट्रिशिया हॉकी क्लब. ते कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर-जनरल ड्यूक ऑफ कॉनॉट यांची कन्या राजकुमारी पॅट्रिशिया हिच्यावरून पडले, असे एक मत आहे. तिच्याच नावाने १९१४ मध्ये उभारलेल्या पायदळ पलटणीवरून पडले, असे दुसरे. स्थापनेचे वर्ष ऐन महायुद्धातले आहे आणि राजकुमारीने १९१६ मध्येच कॅनडा सोडला होता. हे पाहता पलटणीचा संबंध अधिक निकटचा वाटतो.

युद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये कॅनडातील ज्युनिअर हॉकीच्या विजेतेपदाचा मेमोरियल करंडक सुरू झाला. पहिल्याच अंतिम फेरीत टोरांटो विद्यापीठाच्या शाळेच्या संघाने दोन सामन्यांत मिळून २९–८ अशा गोलफरकाने पॅट्सला हरवले. पुढे १९२५ आणि १९३० मध्ये अ‍ॅल रिची यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने हा करंडक जिंकला. १९२८ च्या विजेतेपदाबद्दल मात्र एकमत नाही. त्या वर्षी करंडक रेजायनातच आला, पण रेजायना मोनार्क्स या नावाने. पॅट्सचा वारसा सांगणाऱ्या याद्यांत तो त्यांच्याच खात्यावर धरतात आणि एकूण विजेतेपदे चार होतात. केवळ पॅट्स नावाने मिळालेली मोजली तर तीन. जेत्याचे नाव निराळे असल्याने १९२८ ची नोंद वेगळी ठेवणे अधिक सुरक्षित. ‘जगातील सर्वांत जुना प्रमुख ज्युनिअर संघ’ हे बिरुदही याच प्रश्नाशी जोडलेले आहे. शहर तेच आणि नावही मुळाशी तेच, एवढ्यापुरते ते रास्त आहे. ‘अखंड’ हे विशेषण मात्र जपून वापरावे लागते. तुलनेसाठी, १९३७ मध्ये स्थापन झालेला ओशावा जनरल्स हा ज्युनिअर संघ १९५३ ते १९६२ या काळात मैदानाबाहेर होता.

१९५० च्या दशकात मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाशी संलग्न असताना पॅट्सने मेमोरियल करंडकाच्या १९५०, १९५२, १९५५, १९५६ आणि १९५८ अशा पाच अंतिम फेऱ्या गाठल्या व पाचही गमावल्या. १९६६ मध्ये नव्या पश्चिमी लीगच्या (आताची वेस्टर्न हॉकी लीग) संस्थापक संघांत तो होता. १९६८ मध्ये बाहेर पडून १९७० मध्ये परतला. १९७४ मध्ये प्रशिक्षक बॉब टर्नर यांच्या हाताखालील संघाने क्यूबेक रेम्पार्ट्सला ७–४ असे हरवून करंडक पुन्हा मिळवला. टर्नर स्वतः पूर्वी पॅट्सकडून खेळलेले. या संघातील क्लार्क गिलीजने पुढे न्यूयॉर्क आयलंडर्सकडून चार स्टॅन्ली करंडक (व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगचे विजेतेपद) जिंकले.

१ मार्च १९८७ च्या सामन्यात मागून बसलेल्या धडकेने ब्रॅड हॉर्नंग या खेळाडूचे मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. खिलाडूवृत्तीसाठी लीग दरवर्षी देत असलेला करंडक त्याच्या नावाने आहे. मागून धडक देणे किती घातक ठरते, याचे हे उदाहरण प्रत्येक तरुण खेळाडूला सांगितले गेले पाहिजे.

घरचे सामने १९७७ मध्ये बांधलेल्या, आता ब्रँट सेंटर म्हणवल्या जाणाऱ्या बंदिस्त मैदानात होतात. मेमोरियल करंडकाच्या शंभराव्या स्पर्धेचे यजमानपद २०१८ मध्ये पॅट्सकडे होते. अंतिम सामन्यात ते अकाडी-बाथर्स्ट टायटनकडून ०–३ असे हरले. नॅशनल हॉकी लीगच्या खेळाडू-निवडीत या संघाचे ग्रेग जोली (१९७४), डग विकनहायझर (१९८०) आणि कॉनर बेडार्ड (२०२३) पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. बेडार्डने २०२२-२३ च्या हंगामात ५७ सामन्यांत ७१ गोल केले आणि ७२ गोलांना साहाय्य दिले.